पिकाच्या डोळ्याने पाहिलेली जागा

आमच्या लग्नात बायकोच्या थोरल्या भावाने भिंतीवरचं एक घड्याळ दिलं होतं. शिसवी रंगाची चौकट, आत पितळी लंबक, तासातासाला ठोके. त्या घड्याळाने आमच्या संसारातली अकरा वर्षं कपाटावर उताणं पडून काढली. सीमाभागात, भालकीत आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, तिथल्या मालकांचा एकच नियम होता, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. बाकी माणूस फार चांगला. उसाच्या दिवसांत रसाची कळशी न मागता वर पाठवायचे. पण खिळ्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू तो त्यांच्याच पाठीत जाणार आहे. त्यामुळे आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असायचं आणि वारा सुटला की महिने आपोआप पुढे सरकायचे.

माझी बायको कमलनगरची. मागणारी बाई नव्हे. घराबद्दल तिचं एकच म्हणणं होतं आणि ते तिने वर्षानुवर्षं एकाच चालीत म्हटलं. "दोनच खोल्या असू द्या. पण कुणाला न इचारता मला खिळा ठोकता आला पायजे."

मग एका दिवाळीत घरमालक फराळाचं ताट घेऊन स्वतः जिना चढून आले. ताट नेहमीपेक्षा जास्त भरलेलं होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. धाकट्या मुलाचं लग्न ठरत होतं. लगेच नव्हतं, पण पुढचं वर्ष सरल्यावर जो वैशाख येईल त्यात, आणि तेव्हा वरचा मजला त्यांना लागणार होता. दीड वर्ष हातात होतं. ते खाली गेल्यावर बायकोने ताटावरचा रुमाल उचलला, एक करंजी मोडली आणि शांतपणे सांगितलं, की या बारीला भाड्याचं घर बघायचं नाही. मी हो म्हटलं. करंजी तोंडात असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

मी शाळेत भूगोल शिकवतो. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपवता येणार नाही. पंचवीस वर्षं मी पोरांना माती शिकवत आलो आहे. काळी माती ओलावा धरते, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. दोन गुणांचा प्रश्न, हमखास येणारा. मी तो फळ्यावर इतक्यांदा लिहिलाय, की झोपेत हातात खडू दिला तरी लिहीन.

जागेचा शोध मी शिस्तीत सुरू केला. शाळेतलं एक जुनं कोरं हजेरीपुस्तक घेतलं आणि त्यात रकाने आखले. जागा कुठे, लांबी-रुंदी किती, फुटाला भाव काय, बसस्टँडपासून अंतर किती. दर रविवारी स्कूटर काढायची, दोन-तीन प्लॉट बघायचे आणि संध्याकाळी रकाने भरायचे. बायको एकदा खांद्यावरून डोकावली आणि तिने विचारलं, यात पाण्याचा रकाना कुठाय. मी म्हणालो, पाणी काय, सगळीकडे लागतंच. ती काही न बोलता भाजी निवडायला गेली. आमच्याकडे तिचं न बोलणं हा एक वेगळाच रकाना आहे, तो मला अजून आखता आलेला नाही.

जागा निवडायची म्हणजे अप्पांना आणायलाच हवं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीकडे झुकलेलं, पण अजून आमच्या गावी, भालकीजवळच्या मेहकरला रोज रानात जातात. आमच्या घराण्यात अप्पांच्या नजरेखालून न जाता मातीचं ढेकूळसुद्धा विकत घेतलं गेलेलं नाही. वैशाखात बायको भाचीच्या बारशाला कमलनगरला गेली होती, त्या रविवारी मी अप्पांना बसने बोलावून घेतलं आणि माझ्या पुस्तकातल्या सगळ्यात स्वस्त जागेवर घेऊन गेलो.

ती जागा गावाबाहेर, मुख्य रस्त्यापासून आत. पूर्वीचं रान, त्यात पांढरे दगड रोवून प्लॉट पाडलेले. कडेला चार-पाच नवी घरं, पलीकडे उभा ऊस. मालक शेतकरीच, सगळे त्यांना अण्णा म्हणत. भावाशी कन्नड बोलायचे, आमच्याशी मराठी आणि ट्रॅक्टरवाल्याशी दखनी, पण आवाज तिन्ही भाषांत सारखाच मऊ. त्यांनी आम्हाला दगड दाखवले. अप्पांनी दगडांकडे पाहिलंच नाही. ते सरळ प्लॉटच्या मधोमध जाऊन उकिडवे बसले, एक ढेकूळ उचललं, चुरगाळलं, वास घेतला आणि चिमूटभर जिभेवर ठेवली. मग उठून एका भेगेत काठी सोडली. काठी जात राहिली, जात राहिली आणि अप्पांच्या मुठीपाशी येऊन थांबली.

"गिळली की रं काठी," अप्पा म्हणाले. इतकं प्रेम त्यांच्या आवाजात मी माझ्या निकालाच्या दिवशीही ऐकलं नव्हतं. "मास्तर, ही हातची जाऊ दिऊ नको. ह्यात दगड पेरला तरी उगवंल."

मीही मान डोलावली. लाव्हारसापासून तयार झालेली, खोल, सुपीक, असं काहीतरी अण्णांना ऐकवलंही. अण्णा आपल्या पायांकडे बघत म्हणाले, "मातीला नावं ठिवायला जागा न्हाई, सर." ते खोटं बोलले नाहीत, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. तिथे आम्हा तिघांपैकी कुणालाही असं वाटलं नाही, की या जागेत आम्हाला काही पेरायचं नाही.

त्याच दिवशी मी इसार देऊन मोकळा झालो. नारळ फोडला, कागदावर चार ओळी झाल्या. इसाराचा रिवाज आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, जागा घेणारा मागे फिरला तर ती आगाऊ रक्कम बुडते. पण मागे कोण फिरतंय? अप्पा इतके खूश झाले, की स्टँडवर भज्यांचे पैसे त्यांनी दिले. अप्पांनी स्टँडवर पैसे दिल्याची आमच्या घराण्यातली ही पहिली नोंद.

बायको परत आली तेव्हा मी तिला चहा करून दिला आणि मग सांगितलं. तिने चहा संपवला. "तुम्ही दोघं बघून आलाव," ती म्हणाली. "बरं केलाव."

मग तिने विचारलं, तिथे राहणारी माणसं पाणी कुठलं पितात. मी म्हणालो, विचारलं नाही. पावसात रस्ता कसा असतो? आम्ही उन्हात गेलो होतो. मोरीचं पाणी कुठे जातं? अण्णा म्हणाले, सगळं होऊन जाईल. "कवा?" ती म्हणाली. मी हजेरीपुस्तक उघडलं आणि बंद केलं.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी ती जागा बघायला निघेल. पण ती म्हणाली, आत्ता नको, दोन-चार पाऊस होऊन जाऊ द्या. मुलगी बघायला जाताना आपण सांगून जातो म्हणून घर आवरलेलं असतं, जागा मात्र न आवरलेली बघावी. हे तिचं तत्त्वज्ञान. माझं तत्त्वज्ञान इसारात गेलेलं होतं, त्यामुळे मी गप्प बसलो.

आषाढात आम्ही निघालो. मुख्य रस्त्यावरून आत वळलो आणि वीस पावलांत स्कूटरने अंग टाकलं. काळा चिखल चाकात आणि मडगार्डात असा भरला, की चाक फिरेना. मी उतरलो, एक पाऊल टाकलं, दुसरं उचललं, आणि चप्पल जिथल्या तिथे राहिली. ती काढायला वाकलो तर दुसरीही राहिली. बायको बांधाच्या गवतावरून, पदर खोचून, साडीला शिंतोडाही न उडू देता पुढे गेली होती. लांबून तिने मागे वळून पाहिलं आणि हसू दाबायला उसाकडे तोंड केलं. अप्पांच्या भाषेत सांगायचं, तर माती खरंच हातची जाऊ देण्यासारखी नव्हती. पायाची तर नव्हतीच.

जागा पारखायची तिची पद्धत माझ्यापेक्षा फार सोपी निघाली. तिने जागेकडे एकदा नजर टाकली आणि शेजारच्या घराच्या दारात जाऊन पाणी मागितलं. आमच्या भागात पाणी मागणाऱ्याला आधी नाव-गाव विचारत नाहीत. आधी तांब्या येतो, चौकशी मागून. आणि एकदा त्यांनी तुमचं सगळं विचारलं, की तुम्हालाही त्यांचं सगळं विचारायचा हक्क येतो. पहिल्या घरात पाणी पिऊन कळलं, की ते मचूळ आहे. बोअर पार खोल गेलाय, तरी उन्हाळ्यात टँकर. दुसऱ्या घरात कळलं, की विजेचे खांब चार घरांनी आपापसात पैसे घालून आणलेत, आणि पुढचा खांब जो पुढे घर बांधील त्याने आणायचा. म्हणजे आम्ही. मी दोन्ही घरांत अनवाणी उभा होतो, पाय गुडघ्यापर्यंत काळे. लोक मला मजूर समजून तिच्याशीच बोलत होते आणि खरं सांगतो, त्यामुळे माहिती जास्त मिळाली.

तिसरं घर नवं होतं. गुलाबी रंग, वरती गच्चीचा कठडा. नवरा-बायको दोघं राहायचे, नवरा नोकरीला गेलेला. त्या बाईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि निघताना माझी बायको म्हणाली, "अक्का, आमच्या मागं दार लावून घ्या. पाऊस आत यायलाय."

"लागत न्हाई माय ते," त्या बाई म्हणाल्या. "पावसाळ्यात अडकतंय, उन्हाळ्यात लागतंय. सुताराला दोनदा बोलावले. तो म्हणतो, दार सरळ हाय, घरच वाकायलंय."

मग त्यांनी आतली भिंत दाखवली. छतापासून एक भेग निघाली होती, मध्ये दोन फाटे फुटून खिडकीखाली गेली होती. नकाशात मांजरा नदी आणि तिच्या उपनद्या मी अगदी तशाच काढतो. दरवर्षी सिमेंट भरतात, त्या म्हणाल्या, आणि दरवर्षी ती शेजारून नवी निघते.

मी भेगेसमोर उभा राहिलो. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन गुण.

घरी येताना एखादी बाई भांडली असती, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं. घरात आल्यावर तिने फडकं घेतलं, स्टुलावर चढली आणि कपाटावरचं घड्याळ पुसलं. ते ती दर आठवड्याला पुसायची, पण त्या दिवशी जरा जास्त वेळ पुसलं.

मी एका ओळखीच्या गवंडीमिस्त्रीला जागेवर नेलं. त्यांनी माझे रकाने बघितले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, मुरूम किती खाली आहे. मला माहीत नव्हतं. उघडीप बघून त्यांनी माणूस लावून एका कोपऱ्यात खड्डा घेतला. माणूस खांद्याइतका आत गेला तरी माती काळीच. मिस्त्रींनी विडी पेटवली. घर होईल, ते म्हणाले, न होण्यासारखं काय आहे. पण कडक जमीन लागेपर्यंत खाली जावं लागेल, ही माती काढून लांब टाकावी लागेल, मुरूम विकत आणून भरावा लागेल, वर लोखंड. जागा रस्त्यापेक्षा खाली आहे, म्हणजे पुन्हा भर. "सर, अर्धं घर जमिनीत गाडायचं आणि अर्ध्यात राहायचं," असं त्यांनी सांगितलं आणि विडी विझवली.

त्या संध्याकाळी मी हजेरीपुस्तकात नवे रकाने आखले. पाया, भर, खांब, बोअर, टँकर. त्यात बायकोने एक रकाना घातला. तिचं शिक्षण कन्नडमधून झालंय, मी कन्नड बोलतो धडाधड पण वाचतो बोट ठेवून. अण्णांनी जमिनीचा उतारा, ज्याला आमच्याकडे पहाणी म्हणतात, त्याची नक्कल दिली होती आणि मी ती फाईलला लावून टाकली होती. तिने ती पहिल्यांदा वाचली. जमीन कागदावर अजून शेतीचीच होती. घर बांधायची परवानगी अजून काढायचीच होती, आणि त्याला किती खर्च येईल, किती महिने लागतील, हे सांगणारा कुणी भेटला नाही. सगळं जोडलं तेव्हा पुस्तकातली सगळ्यात स्वस्त जागा सगळ्यात महाग होऊन बसली होती. आणि दीड वर्षातले नऊ महिने संपले होते.

आता प्रश्न अप्पांचा होता. मी ठरवलं, अप्पांना सांगायचंच नाही. भाव पटला नाही असं काहीतरी म्हणू, इसार गेला तर गेला. बायको म्हणाली, नाही, मामांना बोलवा. मी म्हणालो, त्यांना वाईट वाटेल. ती म्हणाली, वाईट वाटेल ते एक दिवस वाटेल. पण उद्या दुसरी जागा घेतली, तर ही चांगली सोडून ती कामून घेतलाव, म्हणून जन्मभर विचारतील. सासऱ्याला ती माझ्यापेक्षा चांगली ओळखते.

बाजाराच्या दिवशी अप्पा आले. तिने त्यांना प्लॉटवर नेलंच नाही, गुलाबी घरात नेलं. पाणी झालं, चौकशी झाली. मग ती म्हणाली, मामा, जरा ही भिंत बघा. अप्पा भिंतीजवळ गेले. भेगेवरून बोट फिरवलं. मग आपल्या सवयीने, काहीच मनात न आणता, काठीचं टोक भेगेत घातलं. टोक गेलं. बोटभर गेलं आणि थांबलं.

अप्पांना आणि मला वैशाखातली ती काठी आठवली. अप्पांनी काठी हळूच बाहेर काढली, धोतराला पुसली. त्यानंतर ते बाहेर येऊन पायरीवर बसले आणि उसाकडे बघू लागले.

"काळी जित्ती आस्ती," ते म्हणाले. "बसल्या बैलाच्या पाठीवर घर बांधल्यावानी हाय हे. त्यो कवातरी उठणारच." मग म्हणाले, "मला कळाया पायजे व्हतं. आपलं गाव काय काळीत बसलंय व्हय?"

आमचं गाव पांढरीत बसलंय. आमच्या भागातलं प्रत्येक जुनं गाव पांढरीत, म्हणजे राखी रंगाच्या, उंच, कडक जागेवर बसलेलं असतं, आणि भोवती काळी. पिकायची ती काळी, राहायची ती पांढरी. ही वाटणी अप्पांच्या आज्याच्याही आधीची, आणि अप्पांना ती आपल्या हाताच्या रेषांसारखी पाठ आहे. पण पांढरे दगड रोवून कुणी त्याला प्लॉट म्हटलं आणि शेतकऱ्याच्या डोळ्याला ते रानच दिसलं. आम्ही दोघा बापलेकांनी सून कुळाची बघावी तशी जमीन पिकाची बघितली होती.

अप्पांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. परतीची बस कितीला आहे तेवढं विचारलं. तेव्हा बायको त्यांच्यासमोर खाली बसली.

"मामा, पिकाचं तुम्ही बघितलाव ते बरोबरच बघितलाव," ती म्हणाली. "आता घराचं बघा."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग काठी टेकून उठले आणि अण्णांचं घर कुठं आहे, असं विचारलं.

अण्णांचं घर त्यांच्याच रानाच्या वरच्या अंगाला, माळावर होतं. इसार सोडून द्यायचा की थोडा मागून बघायचा, हे घोळवत मी मागून चालत होतो. अप्पा पुढे, अधूनमधून काठी आपटत. खाली काठी मुकी होती, वर ती खणखण वाजायला लागली. घर जुनं, दगडी पायाचं, दोन पिढ्यांपूर्वीचं. ओसरीवर बसलो. बायकोने पाणी मागितलं. मला आता या पाण्याची भीती वाटायला लागली होती. तांब्या घेऊन अण्णांची सून आली, आणि पाणी गोड होतं. विहिरीचं, सून म्हणाली, उन्हाळ्यातही तळ दिसत नाही.

बायकोने तांब्या खाली ठेवला. भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दार सरळ उघडं होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "प्लॉट खाली काळीत पाडलाव, आणि तुम्ही माळावर कामून राहताव?"

मी खाली बघितलं. अप्पांनी खाकरल्यासारखं केलं. अण्णा मनापासून हसले. बाई, लोक काळी बघून पैसे देतात, ते म्हणाले, मुरूम दाखवला तर माणूस खाली बसून ढेकूळसुद्धा उचलत नाही. मग अप्पांकडे वळून म्हणाले, "अप्पा, तुम्ही माती जिभेवर ठिवलाव तवा मला वाटलं, तुम्हाला तूर पेरायची असंल."

अप्पाही हसले. दोघं शेतकरी एकमेकांना ओळखून हसले, आणि त्या हसण्यात इसाराचं काम निम्मं झालं. घराच्या मागे अण्णांची थोडी जागा पडून होती. बाभळी, दगड, उतार. घराबरोबरच तिचे कागद कधीकाळी झालेले, शेतीतून निघालेली, म्हणजे बांधायला परवानगीची अडचण नव्हती. विकायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं, कारण ती कुणी मागेल असं वाटलंच नव्हतं. आम्ही मागितली. इसार तिकडे फिरवायला अण्णा तयार झाले, पण भाव खालच्या प्लॉटपेक्षा वर सांगितला. तासाभरापूर्वी त्या मुरमाला काही भाव नव्हता. तो माझ्या बायकोच्या एका प्रश्नाने वाढवला होता, आणि ही गोष्ट मी तिला अजून अधूनमधून ऐकवतो.

या खेपेला आम्ही आधी सगळं बघितलं. कागद बायकोने वाचला, मग दुसऱ्या एका जाणत्याला दाखवला. पाऊस पडत असताना आम्ही छत्री धरून तिथे उभे राहिलो आणि पाणी कुठून कुठे जातं ते पाहिलं. स्टँडपासून अंतर दुप्पट होतं, ते मी चालून मोजलं. शेवटी अप्पांनी आपली परीक्षा घेतली. गुडघ्याइतका खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यात भरायची. कमी पडली तर जागा सोडायची, उरली तर धरायची. मुरूम खणता खणता मिस्त्रींच्या माणसाने दोनदा पहार बदलली. खड्डा भरला, वर ढीग उरला. खाली काळीत आम्ही जो खड्डा घेऊन बुजवला होता, तो तोवर हातभर खाली बसला होता.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. मिस्त्रींना कमरेइतक्या खोलीवर कडक लागलं, आणि ते थोडे हिरमुसले असा मला संशय आहे. घर दोनच खोल्यांचं झालं, पुढे ओसरी, आणि मागे तिसरी खोली कधीतरी बांधायची म्हणून लोखंडी सळया आकाशात वर काढून ठेवलेल्या. घरमालकांच्या मुलाचं लग्न लागायच्या बारा दिवस आधी आम्ही राहायला आलो. जुन्या घराच्या भिंती आम्ही त्यांना जशाच्या तशा परत केल्या. घरमालक हात फिरवून बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते, आमच्यासाठी की भिंतीसाठी, ते मी विचारलं नाही.

अंगणात मात्र काही म्हणता काही उगवेना. बायकोने तुळस लावली, ती आठवड्यात गेली. मग एका बाजारादिवशी मेहकरहून टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी अप्पा, मागे खताच्या रिकाम्या पोत्यांत भरलेली आमच्या रानातली काळी माती, नऊ पोती. भिंतीपासून चांगली लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात त्यांनी खड्डा करून घेतला, ती माती ओतली आणि लिंबाचं रोप लावलं. तुळशीचं वृंदावनही भरून दिलं. उन्हाळ्यात त्या कोपऱ्याला भेगा पडतात. अप्पा आले की आधी तिथे जाऊन काठी सोडून बघतात, आणि मग घरात येताना दार उघडून-लावून बघतात. दोन्ही मनासारखं झालं की चहा घेतात.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने हातोडी मागितली. मी म्हणालो, सिमेंटची भिंत आहे, ड्रिल मशीनवाल्याला बोलावतो. ती म्हणाली, नको. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून माझ्या कानाजवळून गेला. तिसऱ्याला तिने जागा बदलली, विटांच्या सांध्यात बरोबर शोधून ठोकला, आणि तो गेला. घड्याळ लागलं. अकरा वर्षं पडून राहिल्याने ते दिवसाला दहा मिनिटं मागे पडतं, पण ठोके देतं.

मग ती थांबली नाही. त्याच भिंतीवर हातभर अंतरावर तिने आणखी एक खिळा ठोकला. टांगायला हातात काही नव्हतं.

"हा कशाला?" मी विचारलं.

"असू द्या," ती म्हणाली.

त्या खिळ्याला अजून काही टांगलेलं नाही. मी एकदा माझी शाळेची पिशवी अडकवली होती. संध्याकाळी ती मला खुर्चीवर सापडली.